तुर्की विभक्ती आणि ‘करून राहिलो’

मंडळी, या वीकांताचा विषय जरा आडवळणाचा आहे. तुर्की व्याकरण! घाबरू नका. तक्ते पाठ करायला लावणार नाही. उलट शाळेत पाठ केलेले तक्ते किती बिनकामाचे होते, हे सांगायचं आहे. आणि शेवटी गाडी आपल्या नागपुरातच येऊन थांबणार आहे.

पार्श्वभूमी थोडक्यात अशी. मागच्या वर्षी आमच्या टीमकडे इस्तंबूलच्या एका ग्राहकाचं काम आलं. त्यांचं घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास मागे. म्हणजे आमचा पहिला चहा होऊन तर्री-पोहे पचेपर्यंत तिकडून एकही मेल येत नाही. या मोकळ्या वेळात मी तुर्की शिकायला घेतली. पुस्तक अर्थातच इंग्रजीतलं, मोबाईलवरचं ॲपही इंग्रजीतून शिकवणारं. तीनेक महिन्यांत माझं मत पक्कं झालं, आणि तोच या लेखाचा मुद्दा: मराठी माणसाने तुर्की इंग्रजीतून शिकणं म्हणजे धरमपेठेतून सीताबर्डीला व्हाया काटोल जाणं. ती मराठीतूनच शिकायला हवी. आणि शिकता शिकता आपली मराठी, त्यातही जिला लोक हसतात ती नागपुरी मराठी, वेगळ्याच उजेडात दिसायला लागते.

आता सुरुवातीपासून.

तुर्कीत ‘एव’ म्हणजे घर. त्याची रूपं बघा:

एव – घर
एव-इ – घर (कर्म म्हणून, तेही ठराविक घर)
एव-ए – घराकडे, घरी (जाणे)
एव-दे – घरात, घरी (असणे)
एव-देन – घरून, घरातून
एव-इन – घराचा, घराची, घराचं

इंग्रजी पुस्तकात यासाठी दहा-बारा पानं खर्ची पडतात. कारण इंग्रजीत ‘कडे’, ‘मध्ये’, ‘पासून’ हे शब्द नामाच्या आधी येतात. इंग्रजी विद्यार्थ्याला आधी हे पटवून द्यावं लागतं की बाबा रे, ही गोष्ट शब्दाच्या मागे चिकटते. आपल्याला यात काय पटवायचंय? घरी, घरून, घरात, घराचा. आपण जन्मापासून हेच करतोय.

पुढची गंमत तर इंग्रजीतून समजावताच येत नाही. तुर्कीत ‘एव-दे’ला ‘कि’ लावला की ‘एव-दे-कि’ होतं, म्हणजे घरातला. त्याचं अनेकवचन ‘एव-दे-कि-लेर’, घरातले. त्याला चतुर्थी लावा: ‘एव-दे-कि-लेर-ए’, घरातल्यांना. बघा, मराठीतही तोच क्रम: घरा-त-ल्यां-ना. आधी विभक्ती, मग तिच्यावर विशेषण करणारा प्रत्यय, मग अनेकवचन, मग पुन्हा विभक्ती. विभक्तीवर विभक्ती! पुस्तकातलं धडकी भरवणारं उदाहरण होतं ‘एव-लेर-इमिझ-दे-कि-लेर-देन’. इंग्रजीत त्याचं सहा-सात शब्दांचं वाक्यखंड होतं. मराठीत? ‘आमच्या घरांतल्यांकडून’. दोन शब्द. ‘आमच्या’ तेवढा आपण वेगळा ठेवतो, बाकी डब्यामागे डबा जोडलेली तीच मालगाडी.

आता मला सांगा, शाळेत आपल्याला ‘घरातल्यांना’ची विभक्ती कोणती हे कुणी शिकवलं होतं का? नाही. आपण काय पाठ केलं? प्रथमा, द्वितीया स-ला-ते, तृतीया ने-ए-शी, चतुर्थी पुन्हा स-ला-ते... ‘सर, द्वितीया आणि चतुर्थीचे प्रत्यय तेच आहेत, मग दोन विभक्त्या कशाला?’ हा प्रश्न प्रत्येक वर्गात एक तरी मुलगा विचारतोच, आणि त्याला ‘पाठ कर’ एवढंच उत्तर मिळतं. खरं उत्तर असं आहे की हा तक्ता संस्कृतच्या मापाने शिवलेला आहे. दादोबा पांडुरंग तर्खडकरांचं व्याकरण १८३६ साली छापलं गेलं, मोरो केशव दामल्यांचं ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ १९११ चं. ही माणसं मोठीच. इतकं काम आज कुणी करत नाही. पण शाळेच्या तक्त्याचा साचा संस्कृतचा तो संस्कृतचाच राहिला. अरविंद मंगरूळकर, कृष्ण श्री. अर्जुनवाडकर यांच्यासारख्या अभ्यासकांनी या साच्यावर नंतर भरपूर टीका केली. क्रमिक पुस्तकाला मात्र ती फारशी ऐकू गेली नाही.

तुर्की पुस्तकं असा तक्ता पाठ करून घेत नाहीत. ती जागा दाखवतात. पहिली जागा मूळ शब्दाची, दुसरी अनेकवचनाची, तिसरी ‘माझं-तुझं’ची, चौथी विभक्तीची. प्रत्येक जागेत एकच गोष्ट बसते आणि क्रम बदलत नाही. आम्हा संगणकवाल्यांना हे लगेच कळतं, कारण एका फंक्शनचं आउटपुट दुसऱ्याला देत जाणं हा आमचा रोजचा धंदा. मराठीही अशीच शिकवता येईल: मूळ शब्द, सामान्यरूप, मग जागेवर जागा. सातवीच्या पोराला ‘घरातल्यांनासुद्धा’ सुटं करून पुन्हा जोडायला द्या, लेगो खेळल्यासारखं खेळेल.

फरक आहे तो इथे. मराठीत प्रत्यय ताठ असतो आणि मूळ शब्द वाकतो. पुणे, पण पुण्याला. वर्धा, पण वर्ध्याला. भाऊ, पण भावाला. मीठ, पण मिठाला. ‘ला’ मात्र सगळीकडे ‘ला’. तुर्कीत नेमकं उलटं: शब्द बहुतेक ताठ राहतो आणि प्रत्यय वाकतो. शब्दातला शेवटचा स्वर तोंडाच्या पुढच्या भागातला (ए, इ आणि त्यांचे ओठ गोल करून म्हटलेले दोन भाऊ) असेल तर प्रत्ययातही पुढचा स्वर, मागचा (आ, ओ, उ, आणि आपल्याकडे नसलेला एक दबका स्वर) असेल तर मागचा. म्हणून एव-दे, पण ओकुल-दा (ओकुल म्हणजे शाळा). शिवाय शब्द क, त, प, श अशा कठोर व्यंजनाने संपला तर ‘द’चा ‘त’ होतो. आपलीच गावं घेऊन सराव करा. नागपुरात: नागपूर-दा. पुण्यात: पुणे-दे. वर्ध्यात: वर्धा-दा. रामटेकला: रामटेक-ते! हा खेळ मी आमच्या घरी रविवारच्या जेवणावर खेळतो. आमच्या बाबांनी ‘परतवाडा-दा’ दहा सेकंदांत काढलं. त्यांना तुर्कीतला एक शब्दही येत नाही. (चुकलो, एक येतो. वडिलांना तुर्कीतही ‘बाबा’च म्हणतात.)

विशेषनामाला प्रत्यय लावताना तुर्क लोक लिहिताना मध्ये वर एक स्वल्पविरामासारखी खूण देतात, म्हणजे नाव कुठे संपलं आणि प्रत्यय कुठे सुरू झाला ते कळतं. आता हे का महत्त्वाचं? कारण आमच्या धंद्यातलं एक जुनं दुखणं इथे आहे. इंग्रजी प्रोग्रामर संदेश लिहितो आणि गावाच्या नावासाठी मध्ये एक रिकामी जागा सोडतो. मराठी भाषांतरकार बिचारा त्या जागेपुढे ‘ला’ लिहितो. पडद्यावर येतं ‘पुणे ला जाणाऱ्या बस’. ‘वर्धा हून सुटणाऱ्या’. ‘अमरावती मध्ये’. तुर्कीतही हेच होतं, फक्त तिथे प्रत्ययाचा स्वर चुकतो. मग दोन्हीकडचे लोक पळवाट काढतात. ‘पुणे ते नागपूर’ लिहा, म्हणजे काहीच वाकवावं लागत नाही. किंवा ‘ठिकाण : पुणे’ असा कोलन टाका आणि सुटा. हल्ली आपल्या मोबाईलवरच्या मराठीत एवढे कोलन का दिसतात, त्याचं एक कारण हे आहे. व्याकरण टाळण्यासाठी टाकलेला कोलन!

आणि तुर्कीचा तो प्रसिद्ध बग? तुर्की लिपीत ठिपक्याचा ‘इ’ आणि बिनठिपक्याचा ‘इ’ ही दोन वेगळी अक्षरं आहेत. १९२८ साली अतातुर्कच्या राजवटीत अरबी लिपी सोडून रोमन घेतली तेव्हा ही २९ अक्षरं ठरली. परिणामी तुर्की सेटिंगच्या संगणकावर लहान ‘इ’चं मोठं अक्षर केलं की त्यावर ठिपका येतो, आणि जगभरच्या प्रोग्रामरांनी लिहिलेल्या तुलना धाडकन आपटतात. भाषा ही ‘नंतर बघू’ म्हणायची गोष्ट नाही, हे शिकवणारा यापेक्षा चांगला बग मला माहीत नाही.

असो. क्रियापदांकडे येण्याआधी द्वितीयेची एक गंमत सांगतो, कारण इंग्रजी पुस्तकं इथेच विद्यार्थ्याला सर्वात जास्त छळतात. तुर्कीत कर्माला प्रत्यय लावायचा तो ते कर्म ठराविक असेल तरच. ‘दोक्तोर आरीयोरुम’ आणि ‘दोक्तोर-उ आरीयोरुम’. मराठीत सांगतो: ‘डॉक्टर शोधतोय’ आणि ‘डॉक्टरला शोधतोय’. पहिल्यात कुणीही डॉक्टर चालेल, दुसऱ्यात तो ठरलेला डॉक्टर हवाय, बहुधा बिल जास्त लावलं म्हणून. संपला धडा! मराठी माणसाला हे शिकवावं लागत नाही. ‘मुलगी बघायला गेलो’ आणि ‘मुलीला बघायला गेलो’ यातला फरक आपल्याकडे लग्नाळू मुलगाच काय, त्याची आजीही सांगेल. आपल्याकडे हा ‘ला’ बहुतेक सजीवांनाच लागतो, पुस्तकाला-खुर्चीला सहसा लावत नाही. तुर्क लोक तो पुस्तकालाही लावतात. एवढं लक्षात ठेवलं की झालं.

आता क्रियापद. ‘गेल’ म्हणजे ये. (हो, ‘गेल’ म्हणजे ये! आमच्या आजीला सांगितलं तर म्हणाली, तिकडे सगळं उलटंच दिसते बाप्पा.) ‘गेल्दी’ – आला. ‘गेलेजेक’ – येईल. ‘गेलिर’ – येतो (नेहमी). ‘गेलियोर’ – येतोय. यात तो-ती-ते काही नाही, तुर्कीत लिंगच नाही. ‘आला’, ‘आली’, ‘आलं’ सगळ्याला एकच ‘गेल्दी’. आणि भूतकाळात ‘मी केलं, त्याने केलं’ हा आपला ‘ने’चा घोळही नाही. कर्ता प्रथमेत, क्रियापद कर्त्याप्रमाणे. परकीय माणूस मराठी शिकताना जिथे रडतो, त्या दोन्ही जागा तुर्कीत नाहीत.

त्या बदल्यात एक वेगळीच जागा आहे. तुर्कीत भूतकाळ दोन. ‘गेल्दी’ म्हणजे आला, मी स्वतः पाहिलं. ‘गेल्मिश’ म्हणजे आला म्हणे. किंवा आलेला दिसतो. कुणी सांगितलं असेल, किंवा दारात चपला बघून ताडलं असेल. सकाळी उठून ओला रस्ता पाहिला तर पाऊस ‘-मिश’ने पडतो: रात्री पडलेला दिसतो. परीकथाही याच रूपात सांगतात, कारण सांगणारा तिथे हजर नव्हता. इंग्रजी पुस्तक या ‘-मिश’वर पानंच्या पानं लिहितं. मराठीत उत्तर एका शब्दाचं: म्हणे. फरक इतकाच की आपला ‘म्हणे’ ऐच्छिक आहे, त्यांचा सक्तीचा. तोंड उघडलं की ठरवावं लागतं, पाहिलं की ऐकलं. माझं प्रामाणिक मत आहे की प्रत्येक कंपनीतली सकाळची स्टेटस मीटिंग तुर्कीत घ्यावी. ‘सर्व्हर पडला’ म्हणणाऱ्याने लॉग पाहिला आहे की शेजाऱ्याने सांगितलं, ते क्रियापदातच कळेल. अर्ध्या मीटिंगा वाचतील.

आणखी काही जुळण्या पटापट सांगतो, कारण प्रत्येकावर एक लेख होईल.

‘पिश्मेक’ – शिजणे. ‘पिशिर्मेक’ – शिजवणे. ‘पिशिर्तमेक’ – शिजवून घेणे. आपलं प्रयोजक, एक पायरी जास्त.

‘गेलेन आदाम’ – येणारा माणूस. ‘ओकुदूम किताप’ – मी वाचलेलं पुस्तक. शब्दशः ‘माझं वाचलेलं पुस्तक’, जे आपणही म्हणतोच. इंग्रजीत इथे ‘जे’ लागतं, अख्खं गौणवाक्य लागतं. आपल्याला आणि तुर्कांना एक ‘लेलं’ पुरतं.

‘गिदिप गेल्दिम’ – जाऊन आलो. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी पुस्तक खाली ठेवून हसलो. ‘जा’चं पूर्वकालवाचक आणि ‘ये’चा भूतकाळ. जसंच्या तसं.

‘दिये’ – म्हणून. तुर्कीत ‘देमेक’ म्हणजे म्हणणे, त्यापासून ‘दिये’. मराठीत म्हणणे, त्यापासून म्हणून. ‘उशीर झाला म्हणून धावलो’ या वाक्यात प्रत्यक्षात कुणी काही म्हणत नाही. तरी दोन्ही भाषा कारण सांगताना ‘म्हणतात’.

‘किताप मिताप’ – पुस्तक-बिस्तक. अहो, खरंच! ते ‘म’ लावतात, आपण ‘ब’.

आणि आदरार्थी शब्द नावाच्या मागे. मेलमध्ये ते ‘अहमत बेय’, ‘आयशे हानिम’ लिहितात, म्हणजे अहमदराव, आयेशाबाई. तू आणि तुम्हीसाठी ‘सेन’ आणि ‘सिझ’ वेगळे. आमच्या टीमने त्यांना नुसत्या पहिल्या नावाने मेल लिहिणं सोडून ‘बेय’ लावायला सुरुवात केल्यापासून उत्तरं लवकर येतात, असं माझं निरीक्षण आहे. विदा नाही, ह. घ्या.

शब्दांचंही तेच. हवा, दुकान, बाजार, वकील, तारीख, साबण, किंमत, फायदा, हिशोब, खबर, मैदान, पडदा. उच्चार थोडा फिरवला की सगळे तुर्कीत चालतात. कारण हे शब्द अरबी-फारसीतून दोघांकडेही गेले. शिवाजी महाराजांनी ‘राज्यव्यवहारकोश’ करवून घेऊन कारभारातले फारसी शब्द बदलायचा प्रयत्न केला. तुर्कांनी १९३२ मध्ये भाषा मंडळ काढून तेच जास्त जोमाने केलं. तरी बाजार दोन्हीकडे भरतोच.

इथे एक ब्रेक मारतो, नाहीतर उद्या हा लेख ‘तुर्की भाषा मराठीपासून निघाली! अभिमानाने पुढे पाठवा’ अशा मथळ्याखाली तुमच्याच फॅमिली ग्रुपवर यायचा. मराठी आणि तुर्की यांचं नातं नाही. मराठी आर्य कुळातली, तुर्कीचं कूळ वेगळं. मग जुळतं कसं? एक तर क्रियापद शेवटी ठेवणाऱ्या भाषा बाकीच्या अनेक गोष्टीही एकसारख्या करतात, मग त्या जपानी असोत की तमिळ. दुसरं म्हणजे शेजार. ‘म्हणून’ आणि ‘लेलं’ची ही पद्धत तेलुगू-कन्नड-तमिळमध्येही आहे. मरे एमेनो यांनी १९५६ मध्ये भारत हा एक ‘भाषिक प्रदेश’ आहे असं मांडलं, कुळं वेगळी पण सवयी सारख्या. कॉलिन मासिकांनी १९७६ च्या पुस्तकात या सवयींचे नकाशे काढले तर त्यांतल्या काही भारताच्या सीमेवर थांबेनात, थेट मध्य आशियापर्यंत गेल्या.

आणि एका मागोमाग एक प्रत्यय जोडणारी भाषा बघायला इस्तंबूलला जायची गरजही नाही. नागपूर वसवलं कुणी? गोंड राजा बख्त बुलंद शाहने, अठराव्या शतकाच्या सुरुवातीला. गोंडी ही तेलुगूच्या कुळातली भाषा, २०११ च्या जनगणनेत ती बोलणारे सुमारे ३० लाख. ज्यांच्या नावाचं कॉलेज आपल्याकडे आहे ते स्टीफन हिस्लॉप १८६३ मध्ये बुटीबोरीजवळ नदी ओलांडताना बुडून गेले. त्यांच्या कागदांतून १८६६ साली रिचर्ड टेंपलने जे पुस्तक काढलं, त्यात गोंडी शब्दसंग्रह आणि गोंडी गीतं आहेत. आपण त्या कॉलेजच्या समोरून रोज जातो. पण या शहराच्या पहिल्या भाषेत ‘घरात’ला काय म्हणतात, ते आपल्यापैकी किती जणांना माहीत आहे? मलाही नाही. पुढची भाषा तीच, हे ठरवून ठेवलं आहे.

आता मूळ मुद्दा. ‘गेलियोर’.

‘-इयोर’ हा तुर्कीतला चालू वर्तमानकाळ. पुस्तकात त्याच्याखाली एक सूचना असते: इथे स्वरांचा नियम चालत नाही. ‘गेल’मध्ये पुढचा स्वर आहे, तरी प्रत्ययात मागचा ‘ओ’ येतो आणि तो काही केल्या बदलत नाही. बहुतेक पुस्तकं ‘अपवाद’ म्हणून पुढे जातात. कारण शोधलं तर मजेशीर आहे. हा ‘योर’ मुळात प्रत्ययच नव्हता. ते स्वतंत्र क्रियापद होतं, ‘योरीमाक’, म्हणजे चालणे (आजच्या तुर्कीत ‘युरुमेक’). जुने लोक ‘येत चालला आहे’ अशासारखं काहीतरी म्हणायचे. बोलता बोलता ते सहायक क्रियापद झिजलं, आधीच्या क्रियापदाला चिकटलं, आणि काही शतकांत तुर्की भाषेचा अधिकृत वर्तमानकाळ झालं. त्याचा तो न बदलणारा ‘ओ’ म्हणजे तो कधीकाळी वेगळा शब्द होता, याची खूण. आज इस्तंबूलचा प्राध्यापक, बातम्या देणारी बाई, कोर्टातला वकील, सगळे हाच ‘-इयोर’ वापरतात. कुणी हसत नाही.

आता आपल्याकडे या. ‘काय करून राहिला बे?’ ‘जेवून राहिलो.’ ‘येऊन राहिलो ना, थांब दोन मिनिटं.’

हे पुण्यात म्हणून बघा! मी माझी पहिली नोकरी तिकडेच केली. पहिल्या महिन्यात फोनवर ‘टेस्टिंग करून राहिलो’ म्हणालो तर शेजारच्या क्युबिकलमधून हशा. मग पुढे दोन वर्षं मला बघून मंडळी मुद्दाम ‘काय करून राहिले?’ विचारायची. त्यात वाईट हेतू नव्हता. पण नागपूरहून पुण्या-मुंबईला गेलेल्या जवळपास प्रत्येक मुलामुलीने सहा महिन्यांत आपलं ‘करून राहिलो’ गिळून ‘करतोय’ काढलेलं मी पाहिलं आहे. घरी आईशी फोनवर एक मराठी, कॉन्फरन्स रूममध्ये दुसरी. काही जण तर सरळ हिंदीवर किंवा इंग्रजीवर जातात, कारण तिथे हसू येत नाही. म्हणजे हसण्याची किंमत शेवटी मराठीच मोजते.

हसणाऱ्यांचे आक्षेप दोन. पहिला, हे अशुद्ध आहे. आता ‘करतोय’ काय आहे? ‘करतो आहे’ झिजून झालेला शब्द. ‘आहे’ हे सहायक क्रियापद चिकटलं, झिजलं आणि ‘य’ उरला. ‘करून राहिलो’मध्ये ‘राहणे’ हे सहायक क्रियापद तेच करतंय. घाईत आम्ही ‘करून रायलो’ म्हणतो, म्हणजे झिजणंही सुरू आहे. तीच प्रक्रिया, तोच नियम. एक पेठेत झालं म्हणून शुद्ध आणि दुसरं इतवारीत झालं म्हणून अशुद्ध, हे व्याकरण नव्हे, पिनकोड आहे.

दुसरा आक्षेप, हे हिंदीच्या ‘कर रहा हूँ’ची नक्कल आहे. असेल. हिंदीशी शेजार आहे, नागपूर अनेक वर्षं मध्य प्रांताची राजधानी होतं, ते नाकारायचं कशाला? पण हिंदीतला ‘रहा’ तरी कुठून आला? ‘रहना’ या क्रियापदातूनच. राहण्याचं, चालण्याचं, असण्याचं क्रियापद घेऊन त्याचा चालू काळ करणं, हे जगभर होतं. आणि बघा, नागपुरीने याबाबतीत काही गमावलं नाही, कमावलं. ‘करत राहिलो’ म्हणजे थांबलोच नाही, ते वेगळं. ‘करून राहिलो’ म्हणजे आत्ता या क्षणी चालू आहे, ते वेगळं. आम्हाला दोन्ही आहेत. तुर्कीतही ‘राहणे’ लावून एक रूप होतं: ‘बाकाकाल्दी’, बघतच राहिला. त्यांच्याकडेही ‘चालणे’वालं वेगळं, ‘राहणे’वालं वेगळं, आणि कुणाला दोन्हींची अडचण होत नाही.

ग्रिअर्सनच्या भाषा-सर्वेक्षणाचा मराठीचा खंड १९०५ चा. त्यात वऱ्हाडी आणि नागपुरी बोलींचे नमुने छापलेले आहेत. त्याच्याही सहाशे वर्षं मागे म्हाइंभटांनी ‘लीळाचरित्र’ लिहिलं ते विदर्भात, अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरला. मराठी गद्याचा आरंभ म्हणून ज्या ग्रंथाकडे बोट दाखवतात, तो इथला. ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात दर्जा मिळाला तेव्हा आपण सगळ्यांनी स्टेटस बदलले. दर्जा मिळाला तो या सगळ्या मराठीला मिळाला, ‘करतोय’ला एकट्याला नाही.

प्रमाणभाषा नको, असं मी म्हणत नाही. कोर्टाचा कागद, पाठ्यपुस्तक, हा लेखसुद्धा प्रमाणाच्या आसपास लिहावा लागतो, नाहीतर कोल्हापूर ते गोंदिया सगळ्यांना कसं कळणार? मुद्दा एवढाच की प्रमाण म्हणजे सोयीसाठी ठरवलेली एक जागा. तिच्या बाहेरच्या रूपांना नियम नसतात असं नाही. नियम असतात म्हणूनच तर अख्खं शहर एकाच पद्धतीने ‘चुकतं’.

तर माझं म्हणणं तीन वाक्यांत. तुर्की, जपानी, कोरियन, काहीही शिकायला घेतलंत तर इंग्रजी पुस्तकाच्या समासात शेजारी मराठी लिहीत जा, अर्धं काम तिथेच होईल. पोरांना विभक्तीचा तक्ता पाठ करायला लावण्याआधी ‘घरातल्यांनासुद्धा’ तोडायला द्या. आणि पुढच्या वेळी मीटिंगमध्ये कुणी म्हणालं, ‘सर, बघून राहिलो’, तर हसण्याआधी तो काळ कुठला आणि तो कसा बनला, ते सांगता येतं का बघा.

चला, सोमवारच्या डेमोची तयारी बाकी आहे. करून राहिलो.